सुगंधी तेलें आणि मेंदूचें रक्षण

थोड्या दिवसांपूर्वीं शेजारच्या सूनबाईंनीं मला विचारलें, "काका, लवंगेचें तेल मेंदूला विषापासून वांचवितें म्हणे. बाळाच्या दुधांत रोज दोन थेंब घातले तर?" मी त्यांना "थांबा" म्हणालों. तें कां, हेंच आज सांगावयाचें आहे.

त्यांच्या म्हणण्याला मुळींच आधार नाहीं असें नाहीं. १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत कांहीं तरुण व्यसनी माणसें थोड्याच दिवसांत पुतळ्यासारखीं ताठरलीं. उतारवयांतला कंपवात जणूं त्यांना ऐन तारुण्यांत जडला. डॉ. विल्यम लँग्स्टन यांनीं तपास केला, तेव्हां चोरून बनविलेल्या मादक द्रव्यांत एम्.पी.टी.पी. नांवाची भेसळ आढळली. मेंदूंत शिरल्यावर तिचें रूपांतर अधिक जहाल विषांत होतें, आणि तें विष हालचालींचें नियमन करणाऱ्या पेशींना शक्ति पुरविणारी यंत्रणाच बंद पाडतें. तेव्हांपासून शास्त्रज्ञ हें व असलींच दुसरीं विषें उंदरांना देऊन, मेंदूची इजा कशानें कमी होते तें पाहत आले आहेत. लवंगेंतील युजेनॉल व ओव्यांतील थायमॉल यांनीं कांहीं प्रयोगांत ती कमी झालेली दिसली.

पण येथें एक गोम आहे. पुष्कळदां हीं द्रव्यें विषाच्या आधींच, मोजूनमापून दिलेलीं असतात. आणि विषबाधा कांहीं तिथि ठरवून घरीं येत नाहीं! शिवाय माणसाच्या बाबतींत असा बचाव होतो, हें अजून सिद्ध झालेलें नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रक्तांतील वाटेल तो पदार्थ मेंदूंत जाऊं नये म्हणून निसर्गानें तेथें कडक पहारा ठेवला आहे. या तेलांचे कण लहान व चरबींत विरघळणारे असल्यानें पहारा सहज ओलांडतात. गुण जातो त्याच वाटेनें अवगुणहि जातो. कापूर पोटांत गेल्यास लहान मुलाला थोड्याच वेळांत झटके येऊं शकतात. अवघा एक ग्रॅम कापूर बालकाच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. निलगिरीच्या तेलाचेंहि तसेंच. आणि ज्याची एवढी कीर्ति, तें लवंगेचें तेल ५ ते १० मिलिलिटर पोटांत गेल्यानें एका दोन वर्षांच्या मुलाला गाढ बेशुद्धि आली, झटके आले आणि यकृतहि बिघडलें. मेंदूच्या रक्षणासाठीं सुचविलेल्या तेलानेंच हें केलें.

मसालेभातांतल्या चार लवंगांना भिण्याचें कारण नाहीं. तेथें तेल किंचित् असतें. बाटलींत तें एकवटलेलें असतें. जुन्या आजीबाई ओवा चिमटीनें देत, चमच्यानें नव्हे.

चुकून मुलानें असें तेल घेतलेंच तर वांति करवूं नये. तेल श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गांठावें. शिशासारख्या विषाची शंका असल्यास रक्त तपासून घ्यावें आणि तें घरांत कोठून येतें, जुन्या रंगाच्या पोपड्यांतून कीं भांड्यांतून, तें शोधावें.

सूनबाईंची बाटली आतां कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर आहे. दाढदुखीपुरती.