पांढऱ्या स्तूपापुढे चेहरे काळे का पडतात?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या भागातल्या कितीतरी बाया नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. अंगावर पांढरी साडी, डोक्यावर ऊन आणि मागे तो मोठा पांढरा स्तूप. फोटो काढल्याशिवाय कुणी परतत नाही. घरी येऊन मोबाईल उघडावा, तर स्तूप छान आणि आपले चेहरे कोळशासारखे! मग कुणीतरी म्हणतंच, "आपला रंगच तसा, बाई." हे खोटं आहे. दोष रंगाचा नाही, मोजमापाचा आहे.

फोटो घेण्याआधी कॅमेरा समोरचा उजेड मोजतो आणि किती उजेड आत घ्यायचा ते ठरवतो. त्याला एक्स्पोजर म्हणतात. मोजताना तो एक गोष्ट धरून चालतो: समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असणार, म्हणजे पडलेल्या उजेडाच्या १०० भागांपैकी साधारण १८ भाग परत फेकणारं. पांढरा रंग तर ८०-९० भाग परत फेकतो. फोटोत स्तूप, आभाळ आणि पांढऱ्या साड्याच जास्त असल्या, की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला. तो उजेड कमी करतो. स्तूप राखाडीकडे झुकतो आणि आधीच पदराच्या सावलीत असलेले चेहरे अंधारात जातात. नवे फोन चेहरा ओळखून थोडं सांभाळून घेतात, पण गर्दीत त्यांचा भरवसा नाही.

रंगावरून आठवलं. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना नमुन्याचं एक कार्ड पाठवायची. त्यावर गोरी बाई असे. कार्डाचं नावच 'शर्ली' पडलं. तिचा रंग नीट आला की मशीन बरोबर! सावळ्या माणसांचं काय, हे कुणी विचारलं नाही. लोर्ना रॉथ या अभ्यासक बाईंनी नोंदवलंय की फिल्म सुधारण्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्या कंपन्यांच्या तक्रारी होत्या. माणसांच्या आधी कपाटांचा नंबर लागला, बघा.

आता उपाय. मोबाईल धरल्यावर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. इथला उजेड मोज, असं तुम्ही त्याला सांगितलं. चेहरा लगेच उजळतो. बऱ्याच फोनवर शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते वर सरकवलं की फोटो उजळ होतो, खाली नेलं की गडद. बोट थोडा वेळ दाबून धरलं की बहुतेक फोनवर ते माप तसंच टिकतं.

पण फार वर नेऊ नका. जे पूर्ण पांढरं झालं त्यात काही उरत नाही. साडीचा काठ गेला तो गेला, नंतर परत आणता येत नाही. गडद भाग नंतर थोडाफार उजळता येतो. आणि हो, चेहरा उजळवणं म्हणजे गोरा करणं नव्हे. ते ब्युटी फिल्टर बंदच ठेवा. आपल्या आजीचा रंग फोटोत आजीचाच यावा.

बोटानंही जमत नसेल तर जागा बदला. खरं तर हाच उत्तम उपाय आहे. सकाळी किंवा चारनंतर या, सूर्य फोटो काढणारीच्या पाठीशी घ्या. मग स्तूप आणि चेहरा दोघांवर सारखं ऊन पडतं आणि भांडण मिटतं. दुपारच असेल तर सगळ्याजणी एकाच दाट सावलीत उभ्या राहा. पानांतून ठिपक्यांचं ऊन पडतं ती जागा नको, नाहीतर एकीचं नाक पांढरं, दुसरीचा कपाळपट्टा.

फोनमध्ये 'एचडीआर' असेल तर चालू ठेवा. तो कमी-जास्त उजेडाचे काही फोटो पटापट घेऊन एक करतो, म्हणून तेवढा क्षण कुणी हलू नये. लहान मूल कडेवर असेल तर दोन-तीनदा काढा.

रात्री स्तूपावर दिवे असतात तेव्हाही हेच घडतं: मागे झगमगाट, पुढे अंधार. मोबाईलचा फ्लॅश लांब पोचत नाही, स्तूपापर्यंत तर नाहीच. चार-पाच पावलांवर उभं राहून दुसरीच्या मोबाईलची टॉर्च जरा बाजूनं चेहऱ्यांवर धरायला लावा, आणि मग बोट चेहऱ्यावर.