सहकुटुंब स्काऊट शिबिर : सुरक्षितता आणि शिस्त

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. सोलापूर-वाडी लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. मार्गशीर्ष-पौषात या परिसराचे रूप पालटते. रब्बी ज्वारी निसवू लागते, तुरीची काढणी सुरू होते, आकाश निरभ्र असते आणि पावसाची धास्ती उरत नाही. शाळेच्या स्काऊट-गाईड पथकाने पालकांना व धाकट्या भावंडांना सोबत घेऊन एखादा शनिवार-रविवार मोकळ्या माळावर काढावा, यासाठी याहून सोईचा काळ नाही. तथापि, असे शिबिर म्हणजे केवळ सहल नव्हे. घराच्या भिंती, दिवा आणि दार यांचे संरक्षण एका रात्रीपुरते दूर सारून कुटुंबे उघड्यावर येतात. त्या संरक्षणाची जागा कशाने तरी भरून काढावी लागते. ती जागा नियमांनी भरून निघते, पण त्यासाठी प्रत्येक नियमाच्या पालनाची जबाबदारी एका निश्चित व्यक्तीवर असली पाहिजे.

टोळीपद्धतीचे मर्म

लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले. या मुलांच्या त्यांनी चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीला एक नायक दिला. स्काऊट चळवळीचे बळ या छोट्या विभागणीत आहे. नायकाला आपल्या टोळीतील प्रत्येक मुलगा नावाने ठाऊक असतो आणि तो कोठे आहे हे सांगण्याची जबाबदारी त्याची असते. आपल्या देशात ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेल्या ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ या संघटनेनेही हीच पद्धत स्वीकारली आहे.

सहकुटुंब शिबिरात मात्र ही घडी विसकटण्याचा धोका असतो. एरवी मुले टोळीनायकाच्या आणि स्काऊट मास्तरांच्या देखरेखीखाली असतात. येथे आईवडील, काका-मामा, आजी-आजोबा असे अनेक वडीलधारे हजर असतात. आईला वाटते, मूल वडिलांबरोबर आहे. वडिलांना वाटते, ते मास्तरांपाशी आहे. मास्तर समजतात की, आईवडील आले आहेत तेव्हा काळजी नाही. मोठी माणसे जितकी अधिक, तितके लक्ष अधिक, हा समज म्हणूनच फसवा आहे. शिबिराचा पहिला नियम असा असावा की, प्रत्येक मुलाच्या नावापुढे एका प्रौढ व्यक्तीचे नाव लिहिलेले असेल आणि त्या व्यक्तीला दूर जावयाचे झाल्यास ती आपली जबाबदारी दुसऱ्यास स्पष्ट शब्दांत सोपवून जाईल. भोजनापूर्वी, अंधार पडताना, झोपण्यापूर्वी आणि पहाटे उठल्यावर हजेरी घ्यावी. तीत धाकट्या भावंडांचीही नावे असावीत.

जागेची निवड

शिबिराची जागा दिवसाउजेडी दोनदा पाहावी : एकदा संयोजकांनी आणि एकदा त्या शिवाराची माहिती असलेल्या स्थानिक शेतकऱ्यासह. जमीनमालकाची लेखी संमती घ्यावी. ग्रामपंचायतीस अथवा नगरपरिषदेस आणि पोलीस ठाण्यास शिबिराची पूर्वसूचना द्यावी. वनजमीन असल्यास वन विभागाच्या परवानगीवाचून तेथे तंबू ठोकू नयेत. लोहमार्ग, उच्च दाबाच्या विजेच्या तारा, कडब्याच्या गंजी आणि आग्यामोहोळ असलेली झाडे यांपासून दूर राहावे. धुराने डिवचलेल्या माशा माणसाचा दूरपर्यंत पाठलाग करतात, हे विसरू नये.

सर्वांत अधिक सावधगिरी पाण्याबाबत हवी. कठडा नसलेल्या विहिरी आपल्या परिचयाच्या आहेत, परंतु शेततळ्याचा धोका अनेकांच्या ध्यानी येत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेनंतर कोरडवाहू भागात शेततळ्यांची संख्या वाढली आणि शेतीला त्यांचा आधार झाला. यांपैकी अनेक तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर असते. ओले झालेले हे अस्तर इतके निसरडे होते की, आत घसरलेल्या मुलाला, क्वचित पोहता येणाऱ्या प्रौढालाही, उतारावर पाय रोवता येत नाही. म्हणून तंबू तळ्याजवळ नसावेत. जवळपास तळे असल्यास त्याला कुंपण आहे काय हे पाहावे आणि काठावर गाठी मारलेला दोर व हवा भरलेली ट्यूब ठेवावी.

अक्कलकोट तालुक्यातून वाहणाऱ्या बोरी नदीवर कुरनूर येथे धरण आहे. धरणाखालच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकणे किंवा मुलांना खेळू देणे सर्वथा टाळावे. हिमाचल प्रदेशात ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. आपल्या राज्यात १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे सहलीस गेलेले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. दोन्ही प्रसंगी हवा वादळी नव्हती. शांत दिसणारे पाणी हाच तेथील धोका होता.

थंडी आणि झोप

दुधनी परिसरात हिवाळ्यात दुपारी तापमान तीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर पहाटे ते पंधरा अंशांवर आणि थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली येते. दुपारच्या उन्हात स्वेटर घरी ठेवून आलेली मुले पहाटे कुडकुडतात, ती यामुळे. लहान मुलांचे शरीर प्रौढांच्या तुलनेने लवकर थंड होते. अंगावरची उष्णता वरच्या हवेइतकीच खालच्या जमिनीत जाते. म्हणून खाली आधी ताडपत्री, तीवर सतरंजी किंवा घोंगडी आणि मग अंथरूण घालावे. पांघरायला जाड सोलापुरी चादरी असाव्यात. घामाने भिजलेले कपडे झोपण्यापूर्वी बदलावेत व कानटोपी, पायमोजे घालावेत. उबेसाठी तंबूत कडबा पसरण्याचा मोह टाळावा. तो चटकन पेट घेतो आणि विंचवास आसरा देतो.

तंबूत निखाऱ्यांची शेगडी कदापि ठेवू नये. अर्धवट ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. तो रक्तात मिसळून प्राणवायूची जागा घेतो व झोपलेला मनुष्य जागा न होताच दगावतो.

शेकोटी

शेकोटीचा कार्यक्रम हा शिबिराचा आनंदाचा क्षण. तिची जागा तंबूंपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून ठरवावी व भोवतालचे गवत काढून टाकावे. पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूची एक बादली हाताशी असावी. पेटविणारा आणि विझविणारा असे दोन प्रौढ आधीच नेमावेत. राखेवर पाणी ओतून, ती ढवळून, हाताला गार लागेपर्यंत विझविणाऱ्याने जागा सोडू नये. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून जाळ वाढविण्यास सक्त मनाई असावी. कृत्रिम धाग्याचे कपडे घातलेली मुले जाळाजवळ बसू नयेत.

हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागली आणि मुले व पालक मिळून चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तोही हिवाळा होता आणि तोही कुटुंबांचा मेळावाच होता. मोठा मंडप उभारल्यास त्याला दोन तरी रुंद, मोकळे मार्ग ठेवावेत. भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी घालावे. हळद, शाई, दंतमंजन असे काही लावू नये.

साप आणि विंचू

थंडीत साप कमी दिसतात, पण नाहीसे होत नाहीत. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही. पहाटे पोटात कळा येणे, पापण्या जड होणे ही लक्षणे दिसल्यास दंशाची खूण शोधीत न बसता रुग्णालय गाठावे. आवळून बांधणे, कापणे, विष चोखणे हे सर्व घातक आहे. दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा आणि रुग्णास चालवू नये. शक्यतो मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोवाव्यात. रात्री विजेरीशिवाय व पायताणाशिवाय कोणी बाहेर पडू नये, आणि सकाळी जोडे झटकल्यावरच पायात घालावेत.

लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेततो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर या दंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले. मात्र उपचार वेळेवर मिळाला तरच त्याचा लाभ होतो. घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय दिसताच मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. सर्पदंशावरील लस आणि विंचूदंशावरील उपचार जवळच्या कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहेत, याची विचारणा शिबिरापूर्वीच करावी.

मुलांचे संरक्षण

मुले व मुली यांची निजण्याची व स्वच्छतागृहांची व्यवस्था स्वतंत्र असावी. आपल्या कुटुंबाच्या तंबूत झोपणाऱ्या मुलांखेरीज अन्य मुलांच्या तंबूत एकट्या प्रौढाने जाऊ नये. गाईड मुलींसोबत महिला प्रमुख असलीच पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अशा अपराधाची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू किंवा गावची चर्चा ही सबब तेथे चालत नाही. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

आपत्काळाची तयारी

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. सीमेवर दूरध्वनी शेजारच्या राज्यातील मनोऱ्याशी जुळण्याचा संभव असतो. म्हणून बोलताना प्रथम राज्य, मग तालुका, गाव आणि रस्त्यावरची ठळक खूण या क्रमाने पत्ता सांगावा. हा पत्ता कागदावर लिहून प्रत्येक तंबूत टांगावा. या भागात अनेक घरांत कन्नड बोलली जाते, तेव्हा सूचना मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत द्याव्यात. ज्या आजीला नियम कळला नाही, तिच्याकडून तो पाळला जाणार नाही. एक वाहन चालकासह रात्रभर तयार ठेवावे. मात्र उसाच्या गाळप हंगामात रस्त्यावर दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात, हे ध्यानात घेऊन परतीचा प्रवास रविवारी उजेडी संपवावा.

ग्रामपंचायत सदस्यांनी पाणी, स्वच्छतागृह आणि रात्रीची गस्त एवढे साहाय्य केले, तर शिक्षकांचे ओझे पुष्कळ हलके होईल. निघताना तंबूंच्या खुणा बुजवाव्यात, कचरा उचलावा आणि जमीनमालकाचे आभार मानून अखेरची हजेरी घ्यावी. सर्व नावांना ‘हजर’ असे उत्तर आले की शिबिर यशस्वी झाले असे समजावे. तोपर्यंत कोणत्याही प्रौढाने आपल्या नावापुढील मुलाला नजरेआड होऊ देऊ नये.