वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख? जुन्या नाण्याची खरी किंमत अशी ओळखा

वैष्णोदेवीचं नाणं असेल तर दहा लाख, जुनी ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट असेल तर दोन लाख. असे व्हिडिओ आणि मेसेज सध्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतायत. फोन लावला की समोरचा गोड बोलतो, नाण्याचा फोटो मागवतो आणि ‘सौदा पक्का’ म्हणतो. मग सुरू होतं खरं काम. आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे पैसे. नाणं घरातच राहतं आणि खात्यातले पैसे जातात.

याबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी ती कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही आणि आपल्या नावाने ते घ्यायचा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही, असं बँकेने स्पष्ट सांगितलं. तरीही लोक फसतात, कारण थोडं खरंही आहे: काही नाण्यांना चांगली किंमत मिळते. ती कोणती, हे माहीत नसलं की कोणीही काहीही सांगू शकतो.

वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ ची. देवस्थान मंडळाला २५ वर्षं झाली म्हणून ती काढली आणि सरळ चलनात सोडली. १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, ही पण तशीच. मान मोठा, पण नाणी भरपूर. वापरून गुळगुळीत झालेलं असं नाणं दुकानात चालतं तेवढंच त्याचं मोल. संग्राहक थोडे जास्त देतो ते न वापरलेल्या, टांकसाळीतून निघालं तसंच राहिलेल्या नाण्याला. लाख मात्र कोणी देत नाही.

न वापरलेलं नाणं कसं ओळखायचं? उन्हात धरून हळू फिरवा. पृष्ठभागावरून चकाकीचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरला पाहिजे. मग उंच भाग बघा, म्हणजे अशोकस्तंभाच्या सिंहांची आयाळ, चेहऱ्याची भुवई, कानावरचे केस. हातात फिरलेलं नाणं सगळ्यात आधी तिथेच झिजतं. पोत्यात नाण्यावर नाणं आपटून पडलेले बारीक ओरखडे चालतात, झीज चालत नाही.

सालाच्या खाली बारीक खूण असते, तीही बघावी. चौकटचा आकार असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. एकाच सालाचं नाणं एका टांकसाळीत भरमसाट आणि दुसरीत कमी निघालेलं असतं. भावातला फरक तिथून येतो.

७५, १००, १५० रुपयांची नाणी मात्र बाजारात कधी आलीच नाहीत. सरकारी टांकसाळ ती बंद पाकिटात संग्राहकांना विकते. ‘प्रूफ’ म्हणजे आरशासारख्या पृष्ठभागाचं खास पाडलेलं नाणं, ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे साधं पण कोरं. पाकीट फोडलं, नाण्याला बोटं लागली की भाव उतरला. टांकसाळ पदकं आणि टोकनही पाडते. ती चलन नाहीत, त्यांची किंमत धातू आणि किती नग निघाले यावर ठरते. राम दरबार किंवा हनुमान आणि मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेली पितळी ‘अर्धा आणा’ नाणी तर कंपनीची नाहीतच. जत्रेत मिळणारी ती हौशी टोकनं आहेत. तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं म्हणून ती विकणारा सरळ फसवतोय.

आजीच्या पेटीतला बंदा रुपया

आपल्याकडे खरं मोल बहुतेक इथेच असतं. राणीछाप आणि राजाछाप रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. त्यात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. ग्रॅमला शंभर रुपये भाव धरला तर नुसती चांदीच हजाराच्या वर जाते. सोनाराच्या काट्यावर वजन करा, चुंबक लावून बघा. वजन बरंच कमी भरलं किंवा चुंबकाला चिकटलं तर नाणं खोटं. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो.

साल जुनं म्हणून भाव जास्त, हा गैरसमज. १८६२ साल घातलेले राणीचे रुपये पुढे कित्येक वर्षं पाडले गेले, त्यामुळे ते सहज मिळतात. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया कमी सापडतो. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ ला चित्र बदललं. १९३९ चा चांदीचा रुपया तर फारच दुर्मीळ, म्हणूनच त्याच्या नकलाही खूप.

किंमत घालवणाऱ्या दोन गोष्टी आपल्या घरातच होतात. एक, माळेत ओवण्यासाठी लावलेली कडी. कडी काढली तरी डागाची खूण राहते आणि नाणं चांदीच्या भावावर येतं. दुसरी, दिवाळीची साफसफाई. चिंच, राख, भांड्याची पावडर लावून घासलेला रुपया घरच्यांना लखलखीत दिसतो, जाणकाराला तो घासलेला लगेच कळतो. काळवंडलेलं नाणं तसंच ठेवा. कडेनं धरा आणि कागदी पाकिटात एकेक वेगळं ठेवा.

शेतात नांगरताना शिवराई किंवा मडकं सापडलं तर गोष्ट वेगळी. सुटी तांब्याची शिवराई आपल्या भागात नवलाची नाही, अक्षरं पूर्ण उमटलेली असतील तरच तिला बरा भाव. पण जमिनीत पुरलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते.

विकायचंच असेल तर नाण्यांच्या प्रदर्शनात दोन-तीन व्यापाऱ्यांना समोरासमोर दाखवा. लिलाव संस्थांच्या वेबसाइटवर तसंच नाणं आधी कितीला *विकलं गेलं* ते बघा, कितीला मागितलंय ते नव्हे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथे एकदा फिरून आलं तरी नजर तयार होते. खरा गिऱ्हाईक नाणं हातात घेऊन बघतो आणि पैसे देतो, आधी मागत नाही.

कुणाला पैसे पाठवून झाले असतील तर वाट बघत बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. ते चॅट, फोन नंबर आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट मात्र डिलीट करू नका, तक्रारीला तेच लागतात.