विद्येची पत आणि परदेशाचा परवाना

धान्याच्या व्यापाऱ्याने शास्त्रज्ञांच्या परदेशगमनाविषयी लिहावे, हे काही वाचकांस विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या समाजाची स्थिती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. ज्या घरांतून मुलगा मॅट्रिक होताच पेढीवर बसत असे, त्याच घरांतील मुलेमुली आज प्रयोगशाळांतून संशोधन करीत आहेत. आमच्या कोटरा सुल्तानाबादच्या आसपासच भारतीय वन प्रबंध संस्था, राज्याची विज्ञान व प्रौद्योगिकी परिषद आणि मौलाना आझाद राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहेत. भौंरी येथे २००८ साली स्थापन झालेली विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. साहजिकच, अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी शास्त्रज्ञास कशी मिळते, हा प्रश्न आता गादीवर बसल्या बसल्याही निघतो. आणि या विषयातील अज्ञानावर पोट भरणारे मध्यस्थही निघाले आहेत. म्हणून या विषयाची माहिती क्रमवार देण्याचे योजिले आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने हिंदी माणसास स्थायिक होण्यासाठी त्या देशाचे दार जवळजवळ बंदच केले होते. वर्ध्यास जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे हे अमेरिकेत कृषिशास्त्र शिकले. परंतु त्यांच्या विद्येला खरी भूमी मिळाली ती मेक्सिकोत. १९२४ पासून त्यांनी चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन केले व मका आणि गहू यांच्या वाणांवर काम केले. अखेर ते स्वदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरास निवर्तले. १९४६ साली अमेरिकेने हिंदी लोकांसाठी दरसाल अवघ्या शंभर जागा ठेविल्या. १९६५ च्या कायद्याने देशवार जुनी कोष्टके मोडली आणि विद्यावंतांसाठी वाट खुली झाली. आज ज्याला ‘असाधारण योग्यता’ म्हणतात तो वर्ग मात्र १९९० च्या कायद्याने निर्माण झाला. विज्ञान, कला, शिक्षण, उद्योग आणि क्रीडा ही त्याची पाच क्षेत्रे होत.

या वर्गाचे वैशिष्ट्य असे की, त्यासाठी मालकाची किंवा नोकरीच्या हमीची गरज नाही. उमेदवार ‘आय-१४०’ नावाचा अर्ज स्वतः करू शकतो. मात्र आपण अमेरिकेत त्याच विषयात काम चालू ठेवणार आहोत आणि त्या कामापासून त्या देशाचे हित होणार आहे, एवढे त्याने दाखवावे लागते.

आता पुराव्याचा विचार करू. नोबेलसारखा एखादा जगन्मान्य पुरस्कार मिळालेला असेल, तर तो एकटाच पुरेसा धरला जातो. तसा नसेल, तर कायद्याने सांगितलेल्या दहा कसोट्यांपैकी निदान तीन कसोट्या पुऱ्या कराव्या लागतात. चित्रप्रदर्शन आणि नाट्य-संगीतातील धंदेवाईक यश या दोन कसोट्या कलावंतांच्या आहेत. उरलेल्या आठ अशा: राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय कीर्तीचे पारितोषिक, कर्तृत्व पारखूनच सभासद करून घेणाऱ्या संस्थेचे सभासदत्व, उमेदवाराच्या कार्याविषयी इतरांनी व्यावसायिक नियतकालिकांत किंवा मोठ्या पत्रांत केलेले लेखन, इतरांच्या कामाचे परीक्षण, महत्त्वाचे मौलिक संशोधन, विद्वत्तापूर्ण लेख, नामांकित संस्थेतील प्रमुख किंवा निर्णायक भूमिका, आणि त्या क्षेत्रात इतरांहून ठळकपणे उंच असे वेतन.

शास्त्रज्ञाला यांपैकी दोन कसोट्या सहसा अवघड जात नाहीत. त्याचे लेख प्रसिद्ध झालेले असतातच, आणि नियतकालिकांचे संपादक इतरांचे लेख त्याच्याकडे तपासण्यास पाठवितात. मात्र परीक्षणाचे नुसते निमंत्रण येऊन भागत नाही. परीक्षण प्रत्यक्ष केल्याचे पत्र हवे. खरी अडचण तिसऱ्या कसोटीची, म्हणजे मौलिक कार्याची आहे. संशोधन नवे असणे वेगळे आणि त्याने त्या शास्त्रात फरक पडणे वेगळे. दुसऱ्यांनी त्या कामाचा आधार घेतला काय, त्या पद्धतीने इतर प्रयोगशाळा काम करू लागल्या काय, एखादे पेटंट कारखान्याने वापरात आणले काय, हे दाखवावे लागते. सभासदत्वाचेही तसेच. वर्गणी भरून मिळते ते सभासदत्व येथे उपयोगी पडत नाही. विद्यार्थिदशेतील साधी शिष्यवृत्तीही बहुधा पुरत नाही. वर्तमानपत्रातील मजकूर मराठी वा हिंदी असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते व त्यावर मथळा, तारीख आणि लेखकाचे नाव असावे लागते.

तीन कसोट्या पुऱ्या झाल्या म्हणजे परवाना हाती आला, असे मात्र समजू नये. २०१० साली एका भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रकरणात, ज्यास कझारियन खटला म्हणतात, तेथील अपील न्यायालयाने निर्णय दिला. त्यानंतर परीक्षणाच्या दोन पायऱ्या रूढ झाल्या. पहिल्या पायरीवर कसोट्या मोजल्या जातात. दुसऱ्या पायरीवर सर्व पुरावा एकत्र तोलून पाहतात की, हा मनुष्य आपल्या क्षेत्रात अगदी वरच्या थोड्या लोकांपैकी आहे काय आणि त्याची कीर्ती टिकून राहिलेली आहे काय. आपल्या धंद्यात वानगी पाहून सौदा ठरतो, परंतु माल उतरवून घेताना पोत्यापोत्यात परखी घालतात. त्यातलाच हा प्रकार.

असा पुरावा परिपूर्ण स्वरूपात कसा दिसतो, हे पाहण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांचे उदाहरण घ्यावे. ते या कायद्याच्या आधीच विद्यार्थी म्हणून अमेरिकेस गेले, तेव्हा त्यांना हा परवाना मिळाला असे माझे म्हणणे नाही. केवळ कर्तृत्वाचा नमुना म्हणून हे नाव घेतो. एका सेकंदात सुमारे ६४२ गिरक्या घेणारा पहिला मिलिसेकंद पल्सार १९८२ साली सापडला, तो शोधणाऱ्यांत ते होते. हे मौलिक कार्य. १९९२ साली त्यांना अमेरिकेचे वॉटरमन पारितोषिक मिळाले, २००१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासद निवडले, २००६ ते २०१८ या काळात ते कॅलटेकच्या वेधशाळांचे संचालक होते, आणि २०२४ साली त्यांना शॉ पारितोषिक मिळाले. पारितोषिक, सभासदत्व, मौलिक कार्य, प्रमुख भूमिका: चार कसोट्या येथे आपोआप भरतात. प्रत्येकास इतकी उंची गाठावी लागते असे नाही. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, यांपैकी एकही गोष्ट अर्जासाठी म्हणून केलेली नव्हती.

याच्या शेजारच्या वाटाही माहीत असाव्यात. ‘नामांकित प्राध्यापक व संशोधक’ हा पहिल्याच श्रेणीतील दुसरा वर्ग आहे. त्यास तीन वर्षांचा अनुभव आणि सहापैकी दोन कसोट्या लागतात, परंतु अर्ज नोकरी देणाऱ्या संस्थेने करावयाचा असतो. ‘राष्ट्रहिताची सवलत’ ही दुसऱ्या श्रेणीत मोडते. तिच्या कसोट्या २०१६ सालच्या एका निर्णयाने ठरल्या आहेत आणि तेथेही उमेदवार स्वतः अर्ज करू शकतो. ‘ओ-१’ हा परवाना तात्पुरता, प्रथम तीन वर्षांपर्यंतचा असतो. त्यासाठी मालक किंवा एजंट हवा, मात्र त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही.

रांगेचा हिशेब तर व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा असाच आहे. नोकरीच्या आधारे मिळणारे कायम परवाने साधारणपणे दरसाल १,४०,००० असतात व त्यांत बायकामुलेही मोजतात. पहिल्या श्रेणीस त्यांतील सुमारे ४०,००० मिळतात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांस सर्वसाधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दुसऱ्या श्रेणीत फार लांबली आहे. पहिल्या श्रेणीत ती तुलनेने आखूड असते. दुसऱ्या श्रेणीतील अर्ज मंजूर झालेला असेल, तर त्याची जुनी तारीख पहिल्या श्रेणीतील नव्या अर्जास लावून घेता येते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. जादा शुल्क भरल्यास अर्जावर कामकाजाच्या १५ दिवसांत निर्णय किंवा अधिक पुराव्याची मागणी येते. परंतु त्यामुळे रांग पुढे सरकत नाही. आणि मुलांचे वय कायद्याच्या गणनेने २१ झाले, की ती आईबापांच्या अर्जातून गळतात. कित्येक कुटुंबांचा जीव याच एका आकड्यात अडकलेला असतो.

या घाईचाच फायदा मध्यस्थ घेतात. पैसे घेऊन पुरस्कार देणारे समारंभ, विकत मिळणारी सभासदत्वे, दुसऱ्याने लिहिलेल्या लेखावर नाव घालून देण्याचे सौदे, हे सर्व आज बाजारात आहे, आणि त्याची किंमत पुष्कळदा बापाच्या पेढीतून जाते. आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटे दस्तऐवज करणे, आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे चांगल्यात हलके मिसळून विकणे, यांची नावे घेऊन गणना केली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ही दोन्ही लागोपाठ आली आहेत. धर्म बाजूस ठेवला, तरी व्यवहारही तेच सांगतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास तो कायदा त्या मनुष्यास प्रवेशासाठी कायमचा अपात्र मानतो आणि मंजूर झालेला अर्जही मागाहून रद्द होऊ शकतो. खोट्या एका कागदापायी खरी वीस वर्षे बुडतात.

तेव्हा पालकांनी करावयाचे ते सोपे आहे. मुलाने वा मुलीने संशोधनास आरंभ करताच रोजमेळ ठेवावयास सांगावे: कोणता लेख केव्हा आला, कोणत्या संपादकासाठी किती लेख तपासले, कोणी आपले काम पुढे नेले, कोणत्या परिषदेने बोलाविले. प्रत्येक नोंदीचा कागद जपून ठेवावा. शिफारसपत्रे केवळ गुरूंची व सहकाऱ्यांची नकोत. ज्यांच्याशी कधी एकत्र काम केले नाही अशा जाणकारांची पत्रे अधिक वजनाची असतात, आणि त्यांत नुसती स्तुती न येता काय केले व त्याने काय बदलले हे यावे. हुंडी वटते ती कागदाच्या चांगुलपणामुळे नव्हे, तर लिहिणाऱ्याच्या पतीमुळे.

प्रत्येकाने परदेशी जावे असा या लेखाचा आशय नाही. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजमधील कीर्ती मागे ठेवून १९७२ साली परतले आणि पुण्यास ‘आयुका’ उभी करून गेले. जो खरा हिशेब परदेशाच्या अधिकाऱ्यापुढे उपयोगी पडतो, तोच येथील निवडसमितीपुढेही पडतो. मुलांनी जावे की राहावे हा निर्णय त्यांचा आहे. त्यांच्या नावावर खोटा कागद चढू नये, एवढी काळजी आपण वडीलधाऱ्यांनी घ्यावी.