ॲल्युमिनिअमचे मास्टर अलॉय : स्वरूप व औद्योगिक उपयोग

प्रस्तावना : शुद्ध ॲल्युमिनिअम मऊ असते, इष्ट गुणधर्मांसाठी त्यात अन्य मूलद्रव्ये मिसळावी लागतात. ॲल्युमिनिअमचा द्रवणांक ६६० अंश सेल्सिअस, तर टायटॅनिअमचा १६६८ अंश आहे. भट्टीतील सुमारे ७५० अंशांच्या रसात टायटॅनिअमचा तुकडा टाकल्यास तो फार सावकाश विरघळतो. यास्तव असे मूलद्रव्य ॲल्युमिनिअममध्ये अगोदरच अधिक प्रमाणात मिसळून ठेवतात. या पूर्वसिद्ध मिश्रधातूस ‘मास्टर अलॉय’ म्हणतात.

उपयोग : ५ टक्के टायटॅनिअम व १ टक्का बोरॉन असलेला मास्टर अलॉय स्फटिककण बारीक करण्यासाठी वापरतात. १ टन रसात २ किलो टाकल्यास टायटॅनिअमचे प्रमाण केवळ ०.०१ टक्का वाढते. तरीही कण बारीक होऊन ओतकामात तडे जाण्याची शक्यता कमी होते. ॲल्युमिनिअम-सिलिकॉन ओतकामात स्ट्रॉन्शिअमयुक्त मास्टर अलॉय सिलिकॉनच्या जाड पात्यांना तंतुमय रूप देतो व ओतकामाची तन्यता वाढवतो. वीजवाहक तारांच्या धातूत मात्र बोरॉनयुक्त मास्टर अलॉय टाकतात. टायटॅनिअम, व्हॅनेडिअम इत्यादी अशुद्धी बोराइडरूपाने वेगळ्या होतात व विद्युत्‌वाहकता सुधारते. एका ठिकाणी हेतुतः मिसळलेले टायटॅनिअम दुसऱ्या ठिकाणी अशुद्धी ठरते, हे येथे ध्यानी घ्यावे.

गुणवत्तेचा प्रश्न : कण बारीक करण्याचे कार्य मुख्यतः टायटॅनिअम डायबोराइडच्या सूक्ष्म कणांभोवती घडते. हे कण गुठळ्या करून असतील, तर रासायनिक पृथक्करण निर्दोष असूनही परिणाम उणा पडतो. शिवाय हे कण रसापेक्षा जड असल्याने रस फार वेळ तसाच ठेवल्यास तळाशी बसतात. म्हणून ढवळणे आणि वेळेत ओतणे अगत्याचे असते. रसातील झिर्कोनिअमही हा परिणाम क्षीण करते.

निष्कर्ष : केवळ रासायनिक प्रमाणपत्र पाहून मास्टर अलॉयची निवड करणे पुरेसे नाही, सूक्ष्मदर्शकाखालील रचना व प्रत्यक्ष ओतून पाहिलेला नमुना, दोन्ही तपासावयास हवेत. नागपूरनजीक वाडी येथे, १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनिअम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र आहे. सिंदी मेघे परिसरातील महाविद्यालयांना या विषयाच्या अभ्यासासाठी दूर जाण्याचे कारण नाही. रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान व अभियांत्रिकीच्या अध्यापकांनी हा विषय एकत्रितपणे शिकविल्यास ‘घटक किती’ या प्रश्नासोबत ‘घटक कोणत्या रूपात’ हा प्रश्नही विद्यार्थी विचारू लागतील.