दोन तासांची इत्तला

नगरजीवनातील ज्या कामाला सर्वांत कमी प्रतिष्ठा आहे आणि ज्याच्यावाचून कोणत्याही शहराचे आठवडाभरही चालणार नाही, ते काम म्हणजे मैलापाणी वाहून नेणे. आणि त्या कामाचाही जो भाग आजवर सर्वाधिक उपेक्षित राहिला, तो म्हणजे वाहिनी तुंबून ते पाणी रस्त्यावर आले, नाल्यात उतरले, नदीस वा समुद्रास मिळाले, तर त्याची खबर कोणी, कोणाला, किती वेळात आणि कोणाच्या सहीने द्यावयाची हा प्रश्न. भूमिगत गटारे बांधणाऱ्या स्थापत्यविशारदांची चरित्रे लिहिली गेली, शुद्धीकरणाची तंत्रे शोधणाऱ्या रसायनज्ञांचा गौरव झाला. परंतु ‘आज आमच्या वाहिनीतून इतका मैला सांडला’ असे सरकारदफ्तरी आपण होऊन लिहून देण्याची जी व्यवस्था असते, तिचा परिचय करून देण्याइतके महत्त्व तिला क्वचितच मिळाले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्याने ही व्यवस्था गेल्या दोन दशकांत ज्या बारकाईने रचली आहे, ती पाहिली म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा केवढा भार एका वेळेवर केलेल्या नोंदीवर तोललेला असतो, याची कल्पना येते.

त्या राज्यातील पाण्याच्या गुणवत्तेचा मूळ कायदा 1969 सालचा. तो विधिमंडळात आणणाऱ्या दोघा सदस्यांच्या नावांवरून तो पोर्टर-कोलोन अधिनियम म्हणून ओळखला जातो. योगायोग असा की त्याच साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही जलप्रदूषणाच्या प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला आणि 7 सप्टेंबर 1970 रोजी आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. कॅलिफोर्नियाचे राज्य जलमंडळ पाच सदस्यांचे असून त्याच्या हाताखाली नऊ प्रादेशिक मंडळे आहेत. 1972 च्या संघीय स्वच्छजल अधिनियमाने परवान्यावाचून जलाशयात काहीही सोडणे निषिद्ध ठरविले होतेच. तरीही शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्याचा हिशेब काटेकोर आणि केंद्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गल्लीबोळांत सांडणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र विस्कळीत, अशी स्थिती पुढे कित्येक वर्षे राहिली. 2 मे 2006 रोजी राज्य मंडळाने एक सर्वसाधारण हुकूम काढून ही उणीव दूर केली. ज्या सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात एक मैलाहून अधिक लांबीच्या मलवाहिन्या असतील, तिने मंडळाकडे नाव नोंदवावे, वाहिन्यांच्या देखभालीची लेखी योजना करावी आणि प्रत्येक सांडणुकीची नोंद मंडळाच्या संगणकीय दफ्तरात करावी, असे त्या हुकुमाचे सार होते. सुमारे 1100 संस्था या हुकुमाखाली आल्या. त्यांत लॉस एंजेलिससारखी महानगरे आहेत, तशीच डोंगरातील चिमुकली नगरेही आहेत.

सान फ्रान्सिस्को आणि सॅक्रामेंटोचा जुना भाग वगळता त्या राज्यात पावसाचे पाणी आणि मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगवेगळ्या असतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पावसाच्या गटारात पडलेला थेंब कोणत्याही शुद्धीकरणावाचून थेट ओढ्यास वा समुद्रास मिळतो. म्हणून रस्त्यावर उफाळलेला मैला पन्नास पावलांवरच्या पर्जन्यजलाच्या जाळीपर्यंत पोहोचला की नाही, यावरच पुढचा सारा व्यवहार ठरतो.

डिसेंबर 2022 मध्ये मंजूर होऊन 5 जून 2023 पासून अंमलात आलेल्या नव्या हुकुमात या व्यवहाराची कलमे अधिक रेखीव झाली. जलाशयापर्यंत पोहोचलेली कोणतीही सांडणूक, मग ती घागरभर का असेना, पहिल्या वर्गात मोडते. जलाशयास न मिळालेली परंतु 1000 गॅलनांची, म्हणजे सुमारे 3800 लिटरांची वा त्याहून मोठी असेल ती दुसऱ्या वर्गात, 50 गॅलनांपासून त्या मर्यादेपर्यंतची तिसऱ्यात, आणि 50 गॅलनांहून कमी असलेली चौथ्यात. 1000 गॅलन वा त्याहून अधिक मैला जलाशयास मिळाला अथवा मिळण्याचा संभव दिसला, तर संस्थेला त्याचे ज्ञान झाल्यापासून दोन तासांच्या आत राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाला दूरध्वनीवरून इत्तला द्यावी लागते आणि तेथून मिळालेला क्रमांक टिपून ठेवावा लागतो. पहिल्या दोन वर्गांसाठी कामकाजाच्या तीन दिवसांत कच्चा अहवाल, सांडणूक थांबल्यापासून पंधरा दिवसांत प्रमाणित अहवाल. आणि 50,000 गॅलन वा त्याहून अधिक पाणी जलाशयात गेले असेल तर पंचेचाळीस दिवसांत कारणमीमांसेसह तांत्रिक वृत्तान्त, शिवाय अठरा तासांच्या आत प्रवाहाच्या वरच्या अंगास, मिळणीच्या ठिकाणी आणि खालच्या अंगास पाण्याचे नमुने घेऊन अमोनिया व जंतू यांची तपासणी. मुदतींची ही उतरंड वाचताना रुक्ष वाटते खरी. पण पहाटे तीन वाजता चिखलात उभ्या असलेल्या माणसाला आधी काय करावयाचे आणि नंतर काय, हे ठरवून देणारी तीच असते.

त्या माणसाच्या कसबाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण अहवालातील सर्वांत अवघड आकडा तोच काढतो. मैला किती सांडला? नळाला मापक असते, उपसा केंद्राला मापक असते. चौकातल्या चेंबरला नसते. काम करणारी टोळी येते तेव्हा पाणी झाकणातून वर येतच असते, त्याचा एक ओघ डांबरावरून उताराने गेलेला असतो, आणि तो किती वेळ वाहत आहे हे कोणास ठाऊक नसते. प्रथम पर्जन्यजलाची जाळी बंद करावयाची, मग वाहिनी मोकळी करावयाची, मग सांडलेले पाणी शोषक गाडीने उपसून पुन्हा मलवाहिनीत सोडावयाचे, आणि हे सारे चालू असतानाच मोजमाप करावयाचे. साचलेले डबके असेल तर लांबी, रुंदी आणि खोली घेऊन घनफळ काढता येते. ओघ वाहता असेल तर त्याचा वेग आणि अवधी यांचा गुणाकार करावा लागतो. यासाठी सान दिएगो शहराच्या मलनिस्सारण विभागाने तयार केलेला छायाचित्रांचा एक तक्ता तेथील बहुतेक गाड्यांत आढळतो: मिनिटाला 5 गॅलन या मंद गतीने दूध उतू जावे तसे झाकणाच्या कडेने ओघळणारे पाणी, आणि तेथपासून चढत चढत मिनिटाला 275 गॅलनांच्या उसळीपर्यंतची दृश्ये त्यात क्रमाने दिलेली आहेत. समोरचे चेंबर त्यांतील कोणत्या चित्राशी जुळते, हे पाहून गती ठरते. अवधी ठरविण्यास मात्र शेजारपाजाऱ्यांची जबानी घ्यावी लागते: शेवटचे कोरडे कधी पाहिले, वास केव्हा आला, कुत्रा फिरवावयास गेलात तेव्हा काय होते. तिसरी रीत म्हणजे तुंबलेल्या जागेच्या वरच्या अंगास किती घरांच्या जोडण्या आहेत ते मोजून त्या वेळच्या सरासरी वापरावरून आकडा काढणे. तिन्ही रीतींनी काढलेले आकडे एकमेकांच्या जवळ आले, तर अनुभवी मुकादम निःशंक होतो; फार दूर गेले, तर तो पुन्हा पहिल्यापासून प्रश्न विचारावयास लागतो. अंदाजाला शास्त्राची शिस्त लावण्याचा हा प्रयत्न मला अत्यंत आदरणीय वाटतो, कारण आकडा कमी लावण्यात त्या माणसाच्या संस्थेचा प्रत्यक्ष फायदा असतो.

फायदा कसा, तेही सांगितले पाहिजे. राज्याच्या जलसंहितेप्रमाणे प्रशासकीय दंड दिवसाला 10,000 डॉलरपर्यंत होऊ शकतो, आणि 1000 गॅलनांहून अधिक जे पाणी उपसून परत घेतले गेले नाही, त्यावर गॅलनामागे 10 डॉलरपर्यंत वेगळा आकार लागू शकतो. या तरतुदीत मोठे शहाणपण आहे: जे सांडले पण भरून काढले, त्याची वजावट मिळते, त्यामुळे शोषक गाडी अर्धा तास लवकर पोहोचविण्यास पैशाच्या रूपाने कारण उत्पन्न होते.

तुंबण्याची कारणे बहुतेक ठिकाणी तीच ती. कोरड्या उन्हाळ्यात झाडांची मुळे ओलाव्याच्या शोधात जुन्या भाजक्या मातीच्या नळांच्या सांध्यांतून आत शिरतात, स्वयंपाकघरातील स्निग्ध पदार्थ थिजून नळाचा व्यास आवळतात, आणि चिंध्या व पुसण्याचे ओले रुमाल त्यात अडकतात.

दोन तासांची मुदत ज्ञानापासून मोजावयाची, या योजनेचे मर्म मात्र एका जुन्या दुर्घटनेवाचून उमगत नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये वादळी पावसाच्या दिवसांत सान दिएगोच्या अल्व्हाराडो दरीत, झुडपांनी झाकलेल्या एका ठिकाणी, मलवाहिनीतून पाणी वाहू लागले आणि सुमारे आठवडाभर कोणाच्याही लक्षात आले नाही. तोवर सुमारे 3 कोटी 40 लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ 13 कोटी लिटर मैला सांडून गेला होता. ज्याचे ज्ञानच नाही त्याची इत्तला कोण देणार? मुदत ज्ञानापासून सुरू होते, म्हणून न पाहण्यातच सोय मानणाऱ्या संस्थेला पळवाट मिळू नये, यासाठी पाहणी, नळाच्या आतील चित्रण, सफाईचे वेळापत्रक आणि देखभालीच्या योजनेचे ठरावीक काळाने परीक्षण यांची सक्ती इत्तलेच्या जोडीला आली. सान दिएगोपुरते म्हणावयाचे तर, पर्यावरणवादी नागरिकांच्या संस्थेने आणि संघीय सरकारने लावलेल्या दाव्यांतून 2007 साली न्यायालयात संमतीचा हुकूमनामा झाला, शहराने वाहिन्या बदलण्याचे व साफ करण्याचे मोठे काम हाती घेतले, आणि सांडणुकींची संख्या पुढे फारच खाली आली.

इत्तला सरकारला पोहोचली म्हणजे ती माणसांना पोहोचली, असे होत नाही. लॉस एंजेलिसचे हायपेरियन हे प्रचंड शुद्धीकरण केंद्र सांता मोनिका उपसागराच्या काठी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अल्डस हक्सली आणि टॉमस मान हे दोन थोर साहित्यिक त्याच बाजूच्या पुळणीवर फिरावयास गेले असता वाळू शहराच्या मैल्याने विटाळलेली त्यांच्या दृष्टीस पडली, आणि हक्सलीने पुढे त्यावर निबंध लिहिला. 1943 साली तर राज्याच्या आरोग्य खात्यास तेथील पुळणीचा मोठा पट्टा स्नानासाठी बंद करावा लागला. 1950 मध्ये नवे केंद्र झाले, पुढे समुद्रात पाच मैल जाणारा नळ झाला, आणि उपसागर पुन्हा पोहण्याजोगा झाला. त्याच केंद्रात 11 जुलै 2021 रोजी आरंभीच्या चाळण्यांवर अकल्पित कचरा येऊन त्या चोंदल्या, आवारात पाणी भरले, आणि सुमारे 1 कोटी 70 लाख गॅलन मैलापाणी एक मैलाच्या आपत्कालीन नळातून समुद्रात सोडावे लागल्याचे त्या वेळी जाहीर झाले. यंत्रणांमध्ये निरोप फिरल्यानंतरही किनाऱ्यावरच्या लोकांना इशारा मिळण्यास विलंब झाला. काउंटीच्या लोकप्रतिनिधींनी त्याची चौकशी मागितली, आणि ती योग्यच होती. पाण्यात उतरणाऱ्या मुलाला दोन तासांत काय कळते, ही या व्यवस्थेची खरी परीक्षा आहे, आणि त्या दिवशी ती व्यवस्था तीत उतरली नाही.

एवढे असूनही या व्यवस्थेची दोन अंगे अनुकरणीय आहेत. पहिले म्हणजे दफ्तर उघडे आहे: कोणीही नागरिक आपल्या गावची सांडणूक तारीख, ठिकाण, परिमाण आणि कारण यांसह पाहू शकतो, आणि तेथील नद्या-उपसागरांच्या रक्षणार्थ झटणाऱ्या संस्थांनी याच नोंदींच्या आधारे महापालिकांना न्यायालयात जाब विचारला आहे. दुसरे अंग म्हणजे सही. प्रत्येक संस्थेने एक अधिकारी कायद्याने जबाबदार म्हणून नेमावयाचा असतो. अहवालातील मजकूर खरा असल्याचे तो शिक्षेची जाणीव ठेवून प्रमाणित करतो. ज्या महिन्यात काहीही सांडले नाही, त्या महिन्याबद्दलही तीस दिवसांच्या आत ‘सांडणूक झाली नाही’ असे त्याने लिहून द्यावयाचे असते. मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावण्याची मुभा त्यामुळे कोणालाच उरत नाही.

आपल्याकडे कायद्याचा पाया या बाबतीत दुबळा नाही. 1974 च्या केंद्रीय जलप्रदूषण अधिनियमाचे 31 वे कलम सांगते, की अपघाताने वा अनपेक्षित घटनेने प्रदूषक द्रव्य प्रवाहात, विहिरीत, गटारात वा जमिनीवर जात असेल अथवा जाण्याचा संभव असेल, तर त्या ठिकाणच्या प्रभारी व्यक्तीने राज्य मंडळाला तात्काळ कळवावे. आणि त्याच कलमाचे दुसरे पोटकलम हेच बंधन मलनिस्सारण चालविणाऱ्या स्थानिक संस्थेवरही घालते. तासांचा आकडा, परिमाणाचे वर्ग आणि लोकांसाठी खुले दफ्तर ही त्या कलमात नाहीत. चेंबर तुंबल्याची तक्रार वॉर्ड कचेरीत येते, गाडी येते, चेंबर मोकळे होते आणि तक्रार निकाली निघते. पाणी किती वाहिले, नाल्यास मिळाले काय, तो नाला नदीच्या कोणत्या घाटाजवळ उतरतो आणि तेथे त्या सकाळी कोण उतरले होते, हे रकाने तक्रारवहीत असतातच असे नाही. पंचगंगा, मुळा-मुठा, गोदावरी यांच्या काठच्या महापालिकांनी ते रकाने घातले, मुकादमाच्या हाती छायाचित्रांचा एक तक्ता दिला आणि भरलेले पान त्याच संध्याकाळी लोकांना पाहता येईल असे ठेवले, तर 31 व्या कलमात एका अक्षराचीही भर घालावी लागणार नाही. मंडळाने एक नमुना ठरवून द्यावा आणि आयुक्तांनी एका अधिकाऱ्याचे नाव सहीसाठी मुक्रर करावे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो, आणि तो येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावा.