जीपचे पाटे व शॉक ॲब्सॉर्बर : सुधारणा करताना घ्यावयाची काळजी

शेतरस्त्यावर माल वाहणारी जीप मागून खचू लागली की स्प्रिंगमध्ये जादा पाटा घालण्याचा प्रघात आहे. परंतु केवळ तेवढ्याने भागत नाही. भार पेलणे हे पाट्यांचे काम; धक्क्यानंतरची उसळी शमविणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे. त्याच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते व उसळीची शक्ती उष्णतेच्या रूपाने जिरते. पाटे ताठ करून जुनेच झिजलेले शॉक ॲब्सॉर्बर ठेवल्यास खडबडीत वाटेवर चाक वारंवार जमीन सोडते; त्या क्षणी ब्रेक व स्टिअरिंग यांचा उपयोग होत नाही.

तपासणीसाठी उभ्या गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. एक-दोन हेलकाव्यांत गाडी स्थिरावली नाही, किंवा नळीवर तेल पाझरलेले दिसले, तर त्या आसावरील दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर एकदम बदलावेत. पाटे बसविताना यू-बोल्ट नवे घालावेत व काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा आवळावेत.

गाडी उंच करण्याचा मोह टाळावा. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर जातो व उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. शिवाय नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरफारास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. जादा पाट्याने गाडीची नोंदलेली भारमर्यादा वाढत नाही, हे कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंस आवर्जून समजावून द्यावे.